पट्टीची रात्र

कराडहून पुण्याकडे निघालं की हायवेच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या हॉस्पिटलांच्या पाट्या लागतात, आणि बहुतेक पाट्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तीच तीन वचनं असतात: बिनइंजेक्शन, बिनटाका, बिनपट्टी. टाक्याचं वचन आता जवळपास सगळेच पाळतात, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. बाकीची दोन वचनं मात्र एकमेकांना बांधलेली आहेत. भुलेचं इंजेक्शन दिलं की बहुधा पट्टी आलीच. इंजेक्शन टळलं तर पट्टीही टळते. हे मला कुठल्या पाटीने किंवा माहितीपत्रकाने सांगितलं नाही. आत्याच्या दोन डोळ्यांनी सांगितलं, आणि तेही उलट्या क्रमाने.

आत्या कराडला एकटी राहते. पोस्टात सेव्हिंग्जच्या काउंटरवर तिची सगळी नोकरी गेली. समोरच्या माणसाने उलटं धरलेलं पासबुकसुद्धा ती वाचायची. त्यामुळे दिसणं कमी झालंय हे तिने बराच काळ कुणाला कळू दिलं नाही, स्वतःलाही नाही. आधी बल्ब वाईट मिळायला लागले, मग पेपरची छपाई बिघडली, मग लोकांचे चेहरे ओळखू येईनात तर लोकच बदललेत असं निघालं. शेवटी गॅसने चहाडी केली. बारीक केलेली निळी ज्योत तिला दिसेना. पेटलीय की विझलीय हे बघायला ती हात जवळ नेते हे मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. पिकलेला मोतीबिंदू पिवळ्या-तपकिरी काचेसारखा असतो आणि निळा रंग सगळ्यात आधी तोच गिळतो, हे तिथे कळलं. उजवा डोळा पुरता पिकलेला होता. डावाही त्याच वाटेवर होता, फक्त थोडा मागे.

ऑपरेशनआधी आम्हाला एका मुलीसमोर बसवलं. तिच्याकडे भिंगांचं पुस्तक होतं. भारतीय, परदेशी, लांबचं दाखवणारं, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं, पिवळसर, पांढरं, आणि प्रत्येकासमोर पॅकेजचा आकडा. अर्धा तास आम्ही त्या पुस्तकात होतो. आत्याने पोस्टातल्या सवयीने प्रत्येक आकडा दोनदा विचारून घेतला. भुलेचा विषय निघाला तो उठता उठता. मी विचारलं, भूल कसली देतात? मुलगी म्हणाली, "लोकलच असते मॅडम, काही टेन्शन नाही." झालं. पुढचं तीस-चाळीस वर्षं टिकणारं भिंग निवडायला अर्धा तास लागावा हे ठीकच आहे. पण त्या रात्री आत्याला संडासापर्यंत जाता येईल की नाही हे ज्या गोष्टीवर ठरणार होतं, तिच्या वाट्याला एक वाक्य आलं.

उजव्या डोळ्याला इंजेक्शन द्यायचं डॉक्टरांनी ठरवलं, आणि त्यांचं कारण पक्कं होतं. मोतीबिंदू कडक होता, फोडायला वेळ लागणार होता आणि त्या वेळात डोळा हलून चालणार नव्हता. "आजी, तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही," असं ते म्हणाले. आत्याला इंजेक्शनची भीती वाटली नाही, आजी म्हटल्याचा राग आला.

हे इंजेक्शन बुबुळात देत नाहीत, ही भीती अनेकांच्या मनात असते म्हणून आधी सांगते. डोळा कवटीच्या ज्या खोबणीत बसलेला असतो त्या खोबणीत, डोळ्याच्या कडेने, बधिर करणारं औषध सोडतात. बहुतेक ठिकाणी लिग्नोकेन आणि बुपिवाकेन यांचं मिश्रण असतं. लिग्नोकेन झटकन चढतं आणि लवकर उतरतं, बुपिवाकेन सावकाश चढतं आणि तासन्‌तास राहतं. ते पसरावं म्हणून त्यात एक तिसरं औषध घालतात आणि मग डोळ्यावर थोडा वेळ दाब देऊन ठेवतात. काही मिनिटांत डोळा दुखायचा थांबतो, हलायचा थांबतो आणि पापणी खाली येते. डॉक्टरांना जे हवं असतं ते सगळं मिळतं. पण त्या खोबणीत दृष्टीची नसही असते. औषध तिच्यापर्यंत पोचलं की नजरही मंदावते, कधी कधी दिव्याचा उजेडसुद्धा कळेनासा होतो. म्हणजे मोतीबिंदू निघाला, नवीन भिंग बसलं, सगळं उत्तम झालं, आणि तरी पुढचे काही तास त्या डोळ्याला बघायची परवानगी नसते.

पट्टीचंही तसंच. आपण समजतो की जखम झाकायला पट्टी. जखम तर दोन-तीन मिलिमीटरची आणि आपोआप मिटणारी. खरं कारण पापणी आहे. ती बधिर असते, उघडझाप करू शकत नाही, नीट मिटतही नाही. उघडा राहिलेला डोळा वाळतो, त्यात बोट गेलं तरी कळत नाही. भूल उतरेपर्यंत पापणीचं काम पट्टी करते. शिवाय डोळ्याचे स्नायू अर्धवट जागे झाले की काही काळ एकाची दोन दिसतात. त्या अवस्थेत डोळा उघडा ठेवण्यापेक्षा झाकलेला बरा.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी आम्हाला मिळालेल्या कागदावर डोक्यावरून आंघोळ करू नये, वाकू नये, जड उचलू नये, थेंब किती वाजता कोणते, एवढं छापलेलं होतं. बुटक्या अक्षरांत, अर्थातच. डोळ्यांच्या हॉस्पिटलात कागद इतक्या बारीक टायपात का छापतात हे एक कोडंच आहे.

आत्याचं घर जुनं आहे. संडास मागच्या पडवीला, दोन पायऱ्या उतरून. मी मधल्या खोलीत झोपले होते आणि रात्री मला उठव असं तिला तीन-तीनदा बजावलं होतं. अर्थातच तिने उठवलं नाही. तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर ती पडवीच्या दारात उभी. एक हात भिंतीवर, दुसऱ्या हाताने लुगड्याचा घोळ धरलेला, आणि उजवा पाय पुढे करून चवड्याने पायरी चाचपतेय. मी म्हटलं, "अगं आत्या, थांब, दिवा लावते."

"लावून काय करशील," ती म्हणाली. "लागलेलाच आहे."

पडवीतला दिवा खरंच चालू होता. उजव्या डोळ्यावर पट्टी, आणि डाव्या डोळ्याला त्या दिव्यात पायरीची कड दिसत नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ती याच पायऱ्या सवयीने उतरली होती, कारण पिकलेला असला तरी उजव्या डोळ्याचा थोडा आधार होता. कडेने काहीतरी हललं, उजेड कुठून येतो, एवढं तो सांगत होता. ऑपरेशनने तिची नजर एका रात्रीपुरती आधीपेक्षा कमी केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली आणि वेगळंच नाटक सुरू झालं. आत्याला धुकं दिसत होतं. समोर धरलेली बोटं मोजता येत होती, पण तक्त्यावरची वरची मोठी ओळसुद्धा धड वाचता येईना. शेजारच्या एक बाई पंधरा दिवसांपूर्वी त्याच हॉस्पिटलातून थेंबांच्या भुलेने, म्हणजे इंजेक्शन न घेता डोळ्यात नुसते बधिर करणारे थेंब घालून, ऑपरेशन करून आल्या होत्या आणि त्या दिवशी दुपारीच घरी येऊन टीव्ही बघत बसल्या होत्या. त्यांनी निकाल देऊन टाकला: इंजेक्शनने नस धरली. आत्यालाही ते पटलं. डॉक्टरांनी मशीनवर डोळा बघून सांगितलं, "काही नाही, कॉर्नियाला सूज आहे, उतरेल." पण "सूज आहे" हे वाक्य "नस धरली" या वाक्यापुढे टिकत नाही.

आत्याच्या पोस्टाच्या हिशेबाने सांगायचं तर नजर कमी पडली की कोणती रक्कम कुणाच्या खात्यावर नावे टाकायची हा प्रश्न असतो. इंजेक्शनच्या खात्यावर पडतात ते पहिले काही तास, फार तर दुसऱ्या दिवशीची सकाळ: मिटलेली पापणी, मंदावलेली नस, दोन-दोन दिसणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आलेली सूज किंवा लालसर डाग. क्वचित, फारच क्वचित, सुई जिथे जायला नको तिथे जाते, डोळ्यामागे रक्त साठतं किंवा डोळ्याच्या आतला, मागचा पडदाच दुखावतो. तो धोका खरा आहे, आणि ज्यांचा डोळा लांबट असतो, म्हणजे लहानपणापासून मोठा मायनस नंबर असतो, त्यांच्यात तो जास्त असतो. पण दुसऱ्या दिवसाचं धुकं बहुतेक वेळा भुलेचं नसतं. कडक मोतीबिंदू फोडायला अल्ट्रासाउंडची ताकद जास्त आणि जास्त वेळ लागते. त्याने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, आतल्या पेशी दमतात. त्या पाणी बाहेर काढायचं काम करतात. त्या दमल्या की पडदा पाणी धरतो आणि काच धुरकट होते. शेजारच्या बाईंचा मोतीबिंदू कोवळा होता. कोवळा होता म्हणून थेंबांवर भागलं आणि कोवळा होता म्हणूनच सूज आली नाही. त्यांनी दोन्हींचं श्रेय थेंबांना देऊन टाकलं. अशी गल्लत पाटीवाल्यांनाही सोयीची असते.

आत्याचं धुकं आठवड्याभरात उतरलं. एका सकाळी मला फोन करून तिने पुढच्या महिन्यातली एकादशी कोणत्या वारी आहे ते सांगितलं. मला एकादशीशी काहीही देणंघेणं नव्हतं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरातलं बारीक अक्षर पलंगावर बसून वाचलं होतं, एवढंच तिला कळवायचं होतं.

भुलेची ही दोन घराणी कुठून आली हे मी त्या महिन्यात वाचत बसले, आणि मला वाटलं होतं तसा तो जुन्याकडून नव्याकडे सरळ गेलेला रस्ता नाही. थेंब नवीन आणि इंजेक्शन जुनं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आधी थेंब आले.

१८८४ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा २६ वर्षांचा डॉक्टर होता. त्याला नेत्रशल्यविशारद व्हायचं होतं आणि डोळ्यासाठी भूल हवी होती. ईथर आणि क्लोरोफॉर्म तेव्हा जवळपास चाळीस वर्षं वापरात होते, पण डोळ्याच्या डॉक्टरांना त्यांची धास्ती वाटायची. पूर्ण भुलेतून उठताना माणूस ओकतो, त्या जोराने उघड्या जखमेतून डोळ्याच्या आतलं बाहेर येऊ शकतं. त्यामुळे मोतीबिंदू बराचसा जागेपणीच काढत. रुग्णाला धरून ठेवायला माणसं लागत. कोलरचा रुग्णालयातला सहकारी सिग्मंड फ्रॉइड, पुढे मनोविश्लेषणासाठी जगाला माहीत झालेला, तेव्हा कोकेनच्या गुणांवर संशोधन करत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे बऱ्याच जणांनी अनुभवलं होतं. फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गावी गेला, आणि मागे कोलरने कोकेनचा द्रव बेडकाच्या डोळ्यात टाकला. बेडकाने डोळ्याला टाचणी लावून घेतली, दचकलासुद्धा नाही. मग ससा, कुत्रा, आणि मग कोलरने आणि त्याच्या एका सहकाऱ्याने एकमेकांच्या डोळ्यांत तेच थेंब घातले, आरशासमोर उभं राहून टाचणीच्या डोक्याने स्वतःच्या बुबुळाला हात लावला. काही कळलं नाही. १५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हे जाहीर झालं. कोलर तिथे नव्हता. त्याच्याकडे प्रवासाचे पैसे नव्हते, त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला. पुढच्या वर्षी फ्रॉइडच्या वडिलांच्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल द्यायला कोलरच होता.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात जवळची वाटली ती मात्र शोधाच्या नंतरची आहे. कोकेनचे थेंब डोळा बधिर करत, पण बुबुळावरचा पातळ थरही खराब करत. डोळा वाळायचा, कॉर्निया गढूळ व्हायचा. म्हणजे भुलेची निवड आणि सुरुवातीची नजर यांचा संबंध पहिल्या दिवसापासून आहे. तेव्हा दोष थेंबांचा होता. पुढे १९०५ मध्ये प्रोकेन आलं, १९४०च्या दशकात लिग्नोकेन आलं, आणि ही औषधं सुईने आत सोडता येत होती. विसाव्या शतकातलं मोतीबिंदूचं ऑपरेशन मोठं होतं. डोळ्याची अर्धी कड उघडायची, आख्खं भिंग बाहेर काढायचं, टाके घालायचे, मग रुग्णाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस उताणं पडून राहायचं. एवढ्या उघड्या डोळ्याने हलून कसं चालेल? म्हणून इंजेक्शनचं राज्य आलं. त्यातही सुई आधी डोळ्याच्या थेट मागे जायची. १९८६ पासून ती थोडी बाहेरच्या अंगाने, कमी धोक्याच्या वाटेने जायला लागली.

थेंब परत आले ते चीर लहान झाली म्हणून. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये दाताच्या डॉक्टरकडचं अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घ्यायची युक्ती काढली. आज जिला आपण फेको म्हणतो ती हीच. मग घडी घालून आत सरकवता येणारी भिंगं आली. चीर तीन मिलिमीटरच्या आत आली तेव्हा डोळा थोडा हलला तरी आभाळ कोसळेनासं झालं, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर पुन्हा थेंबांकडे वळले. मधली एक वाटही आहे: डोळ्याच्या वरच्या आवरणाला बारीकशी चीर देऊन बोथट नळीने औषध आत सोडायचं. सुई नाही, म्हणून टोचायचा धोका जवळपास नाही. इंग्लंडात ती बरीच चालते, आपल्याकडेही काही डॉक्टर वापरतात.

आत्याच्या डाव्या डोळ्याची पाळी काही महिन्यांनी आली. या वेळी मोतीबिंदू कडक व्हायच्या आत गाठला होता. डॉक्टर म्हणाले, थेंबांवर करू, तुम्ही दिव्याकडे बघत राहायचं. आत्याला हे अजिबात आवडलं नाही. जागेपणी, उघड्या डोळ्याने, कुणीतरी आत हत्यार घालणार आणि आपण बघत राहायचं?

ती बाहेर आली आणि पुढचे दोन दिवस तिने त्या पंधरा मिनिटांचं वर्णन भेटेल त्याला ऐकवलं. आधी तीन दिवे दिसले. मग दिवे पसरले, पाणी वाहायला लागलं, पाण्यात निळं आणि गुलाबी हलत होतं. मधेच सगळं एकदम मोकळं झालं, कडा गेल्या, नुसता उजेड राहिला. बहुधा जुनं भिंग निघालं तो क्षण. मग घडी उलगडावी तसं काहीतरी आलं आणि दिवे पुन्हा दिवे झाले. हे तिच्या मनाचे खेळ नव्हेत. सिंगापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांना विचारून यावर चांगला अभ्यास केलेला आहे. थेंबांच्या भुलेत नस जागी असते, त्यामुळे बहुतेकांना रंग, उजेड, हलणाऱ्या आकृत्या दिसतात, काहींना डॉक्टरांची बोटंही दिसतात. बऱ्याच जणांना ते सुंदर वाटतं, काही घाबरतात. काय दिसेल हे आधी सांगून ठेवलं तर भीती कमी होते असंही त्यातून पुढे आलंय. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुदैवाने आत्या मोजदादीत रमली.

टेबलावरून उठून बसल्यावर तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. धूसर होतं, पण काटे दिसले. पट्टी नाही, फक्त प्लास्टिकचं पारदर्शक झाकण आणि वर काळा गॉगल. दुपारी घरी येताना रिक्षातून तिने दुकानांच्या पाट्या वाचल्या. बाहुली मोठी करायच्या औषधाचा अंमल होता, सूक्ष्मदर्शकाच्या झगझगीत दिव्याने डोळा दिपलेला होता, त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक बल्बभोवती तिला फुलं दिसत होती. पण डोळा चालू होता. रात्री ती दोन पायऱ्या उतरून गेली आणि आली. मी जागीच होते, मला पावलांचा आवाज तेवढा आला.

तक्रार मात्र होतीच. "पहिल्या वेळी काही कळलं नाही, ह्या वेळी दुखलं," असं ती अजून म्हणते. त्यातही ती एकटी नाही. दोन पद्धती ताडून बघितल्या की थेंबांच्या भुलेत ऑपरेशनच्या वेळी थोडं जास्त दुखतं असंच आढळतं. आणि दुसऱ्या डोळ्याला पहिल्यापेक्षा जास्त दुखल्याचं कितीतरी लोक सांगतात, भूल तीच असली तरी. पहिल्या वेळी जीव मुठीत असतो. दुसऱ्या वेळी आपण निवांत जातो आणि मग प्रत्येक दाब नीट कळतो.

आता उलट्या क्रमाचं. ज्या रात्री आत्याचा दुसरा डोळा निकामी होता, त्या रात्री तिचा ऑपरेशन झालेला डोळा बांधलेला होता. ज्या रात्री तिच्याकडे पहिला डोळा ठणठणीत होता, त्या रात्री दुसराही लगेच मिळाला. लगेच मिळणाऱ्या नजरेची गरज तिला पहिल्या वेळी होती, ती मिळाली दुसऱ्या वेळी. आणि हा आत्याचा एकटीचा योगायोग नाही, यामागे एक रीत आहे. ज्याचा मोतीबिंदू लवकर सापडतो, जो वर्षाला डोळे तपासतो, ज्याच्या घरी गाडी आहे, त्याचा मोतीबिंदू कोवळा असतो, दुसरा डोळा बरा असतो, आणि त्याला थेंब मिळतात. जो उशिरा येतो, एकटा असतो, पैशापायी किंवा भीतीपायी थांबलेला असतो, त्याचा मोतीबिंदू दगड झालेला असतो आणि दुसरा डोळाही गेलेला असतो. त्याला इंजेक्शन लागतं. पहिल्या रात्रीचा अंधार ज्याला परवडत नाही त्याच्याच वाट्याला तो येतो.

म्हणून "महिन्याभराने दोन्ही सारखंच" हे डॉक्टरांचं वाक्य खरं असूनही मला पुरं वाटत नाही. सारखं होतं याबद्दल शंका नाही. थेंबांचा फायदा ऑपरेशनच्या दिवशी ठळक असतो, दुसऱ्या दिवसापासून तो विरत जातो आणि चष्म्याचा नंबर काढेपर्यंत कोणती भूल दिली होती हे डोळ्याकडे बघून कुणाला सांगता येत नाही. ऑपरेशनच्या पद्धतीबाबतही तसंच आहे. पुण्यात ४०० रुग्णांवर फेको आणि मशीनशिवाय हाताने केलेलं लहान चिरेचं ऑपरेशन यांची तुलना झाली होती, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. बिनचष्म्याच्या नजरेत फेको पुढे होती, पण सहा आठवड्यांनी चष्मा लावल्यावर दोन्हीकडचे ९८ टक्क्यांहून जास्त लोक चांगलं बघत होते. नजरेचं प्रगतिपुस्तक महिन्याने लिहितात, त्यात पहिल्या रात्रीचा रकाना नसतो.

गंमत म्हणजे हा रकाना शिबिरवाल्यांनी कधीच भरलेला आहे. कॉलेजात एनएसएसमधून मी अशा एका शिबिराला गेले होते. तपासणी गावात आणि ऑपरेशन शहरातल्या हॉस्पिटलात, अशी पद्धत तेव्हा रुळली होती. सगळ्यांना इंजेक्शन, सगळ्यांना हिरवी पट्टी, आणि सगळ्यांचा मुक्काम वॉर्डात. रात्री ठरावीक वेळेला दिवे लावायचे, म्हाताऱ्यांना उठवायचं, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात अशी रांग करायची आणि पुढे आमच्यातला एक जण चालायचा. संडासापर्यंत आणि परत. तेव्हा मला ते गरीब लोकांना हाकल्यासारखं वाटून अवघडायला झालं होतं. आज विचार करते तर त्या वॉर्डात रात्रीचा विचार करणारं कुणीतरी होतं. पॅकेजवालं हॉस्पिटल दुपारी चारला कागद देऊन मोकळं होतं.

इंजेक्शन वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. आत्याच्या उजव्या डोळ्याला थेंबांवर घेतलं असतं आणि तिने ऐन वेळी डोळा फिरवला असता, तर रात्रीपुरतं नव्हे, कायमचं नुकसान झालं असतं. ज्यांना सरळ झोपवत नाही, सतत खोकला आहे, मान हलते, सूचना ऐकू येत नाहीत किंवा लक्षात राहत नाहीत, त्यांच्यासाठी थेंबांचा हट्ट धरू नये, काहींना तर पूर्ण भूलच लागते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर उलट थेंब बरे. हे डॉक्टरच ठरवणार. पण आपण त्यांना दोन गोष्टी आपणहून सांगू शकतो: दुसरा डोळा किती बघतो, आणि रात्री घरी कोण आहे. त्यावर काही डॉक्टर रात्रभर टिकणारं औषध टाळून लवकर उतरणारं देतात, काही एक रात्र ठेवून घेतात, काही काहीच बदलू शकत नाहीत. तेवढं कळलं तरी पडवीतला तांब्या आधी उचलून ठेवता येतो, पलंगाखाली भांडं ठेवता येतं.

आत्याच्या समोरच्या वाड्यातले काका पुढच्या गुरुवारी ऑपरेशनला चाललेत. कानाची मशीन काढली की त्यांना काही ऐकू येत नाही, मग दिव्याकडे बघा हे कोण सांगणार, म्हणून त्यांना इंजेक्शन द्यायचं ठरलंय. दुसरा डोळा काचबिंदूने आधीच अधू आहे. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने आत्याला फोनवर सांगितलं, "मावशी, मी शुक्रवारी सकाळी येतो ना, पट्टी काढायच्या वेळेला हजर राहतो."

"पट्टी काढायला डॉक्टर आहेत," आत्या म्हणाली. "तू गुरुवारी रात्री ये."

त्याने रजा टाकलीय म्हणे.